काम समोर असताना जुना सिनेमाच का लावावासा वाटतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजण्यात काही गफलत झाली असेल तर इथेच कळेल. मुंबईतली नोकरी सोडून तुम्ही दापोलीजवळच्या गावी परत आलात. पुण्यातल्या एका कंपनीसाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणायचं काम घरून करता. हातातली पुस्तिका २०० पानांची आहे, ६० पानं झालीत, मुदतीला तीन आठवडे उरलेत. सकाळी नऊला लॅपटॉप उघडता, फाइल समोर घेता, आणि अकराच्या सुमारास ‘अर्धाच तास’ म्हणून एखादा जुना कृष्णधवल सिनेमा लावता. बहुतेक आधी पाहिलेलाच. परवा ‘कुंकू’ तिसऱ्यांदा पाहिलात. आई स्वयंपाकघरातून हात पुसत येते, शेजारी टेकते, मग उठवत नाही. सिनेमा, जेवण, डुलकी यांत चार वाजतात आणि रात्री झोपेपर्यंत स्वतःला बोल लावणं चालू राहतं. हे व्यसन आहे का आणि सिनेमे पूर्ण बंद करू का, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत.

दोन्हींचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण तुमच्या लिहिण्यात दोन वाक्यं तुम्ही सहज लिहून पुढे गेलात, आणि मला खरा प्रश्न तिथेच दिसतो. एक : ‘गंमत म्हणजे रविवारी मोकळा असतो तेव्हा सिनेमा लावावासा वाटतच नाही.’ आणि दुसरं : ‘मागच्या पुस्तिकेत बऱ्याच दुरुस्त्या आल्या होत्या.’

मी रत्नागिरी-चिपळूण भागात समुपदेशनाचं काम करते. टाळाटाळीची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी पहिल्याच भेटीत विचारते की काम नसतं तेव्हाही ही गोष्ट तुम्हाला तितकीच ओढते का? ज्याला खरोखर व्यसन लागलेलं असतं, त्याला रविवार-सोमवार सारखेच. तुमच्याकडे सिनेमाची ओढ कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी आणि फाइल उघडल्यावरच लागते. म्हणजे तुम्ही सिनेमाकडे जात नाही आहात, फाइलपासून निघत आहात. वाटेत जे पहिलं चांगलं ठिकाण लागतं तिथे थांबता. सिनेमे बंद केलेत तर तुम्ही माळा साफ करायला घ्याल, विहिरीचा पंप खोलून बसाल. अशी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची घरं लख्ख असतात आणि कामं तशीच पडलेली.

आता, इतकं काही असताना जुना सिनेमाच का? मला हा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून तुम्हाला नेमकं काय नकोसं झालंय ते कळतं.

पाहिलेल्या सिनेमात काय होणार ते माहीत असतं. कुठे हसू येणार, कुठे घसा दाटणार, शेवटी कोण कुठे असणार, सगळं ठरलेलं. तीन तासांत एकही गोष्ट तुमच्या अंगावर अचानक येत नाही. शिवाय तो संपतो; ‘समाप्त’ अशी पाटी येते आणि काहीतरी पुरं झाल्यासारखं वाटतं. तुमच्या फाइलचं याच्या अगदी उलट आहे. साठाव्या पानाच्या पुढे काय आहे ते माहीत नाही, ‘टॉर्क’ला काय म्हणायचं यावर कंपनीचं काय मत पडेल ते माहीत नाही, लाल शाईत किती परत येईल ते माहीत नाही. मागच्या वेळचा अनुभव ताजा असताना माणूस जिथे सगळं ठाऊक आहे तिकडे वळणारच. ‘कुंकू’ १९३७चा, व्ही. शांताराम यांचा. त्यात पार्श्वसंगीत नाही, आजूबाजूचे आवाज आहेत आणि नायिकेच्या म्हाताऱ्या नवऱ्याचं, काकासाहेबांचं, घड्याळ आहे. काम टाळणाऱ्या माणसाने घड्याळाचे ठोके ऐकत बसण्यासाठी तिसऱ्यांदा हाच सिनेमा निवडावा, यातला विनोद तुमच्याही लक्षात आला असेल.

दुसरं कारण जरा लाजेचं आहे, पण बोलायला हवं. मोबाइलवर रील्स बघत बसलात तर दहाव्या मिनिटाला मन खाऊ लागतं. अभिजात सिनेमा बघताना तसं होत नाही. आपण काहीतरी चांगलं, जुनं, संस्कारांचं करतोय असं वाटतं. कोणी विचारलं तर सांगायलाही बरं वाटतं. ही सोवळं नेसलेली टाळाटाळ आहे, आणि म्हणून ती जास्त वेळ टिकते. माझ्याकडे येणाऱ्यांत हीच गोष्ट निरनिराळ्या रूपांत दिसते. प्रबंध लिहायचा म्हणून आणखी दहा संदर्भग्रंथ वाचणारे प्राध्यापक असतात, हिशेब लिहायचे म्हणून आधी सगळ्या जुन्या फायलींना नवी कव्हरं घालणारे दुकानदार असतात. करतात ती गोष्ट चांगलीच असते, पण त्या वेळी करायची ती नसते.

फुशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली एका लेखात मांडलं की टाळाटाळ ही मुळात वेळेच्या नियोजनातली चूक नसते; त्या क्षणी मनाला जे नकोसं वाटतंय त्यातून तात्पुरती सुटका करून घेण्याचा तो मार्ग असतो. भुर्दंड पुढे भरायचा असतो, सुटका आत्ता मिळते. माझ्या कामात मला हे रोज पटतं. म्हणून वेळापत्रकं, रंगीत तक्ते आणि पहाटे पाचचे गजर यांवर माझा फारसा भरवसा नाही. वेळ कसा वापरायचा हे तुम्हाला कळत नाही असं नाहीच. मुंबईत इतकी वर्षं लोकल पकडून वेळेवर कचेरी गाठलीत ना?

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. ओळखीतला कुठलाही आंबा बागायतदार पाहा. मोहोर आला की फवारणीसाठी तो पहाटे काळोखात उठतो, तुडतुडे दिसले की त्याच दिवशी माणसं बोलावतो. त्याच माणसाचे फळपीक विम्याचे कागद मात्र कपाटात पडून असतात आणि शेवटच्या दिवशी तो सेतू केंद्राच्या रांगेत सापडतो. त्याला आळशी म्हणाल? किंवा भातलावणी बघा. तरवा म्हणजे भाताची रोपं तयार झाली आणि पाऊस लागला की कोणी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत नाही, कारण रोपं थांबत नाहीत. शिवाय ते काम एकट्याने होत नाही. सावड असते, चार माणसं तुमच्या शेतात उभी असतात, आज तुमच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. कागदाच्या कामात यातलं काहीच नसतं. कागद कुजत नाही, वाट बघतो. समोर माणूस नसतो. आणि चुकलं तर कोण काय म्हणेल हे फक्त डोक्यात चालू असतं.

तुम्ही शहरातून गावी आलात त्यामुळे तुमच्यावर हे जास्तच येऊन पडलंय. कचेरीत शेजारचा माणूस टाइप करत असतो, अकराला चहा येतो, साहेब मागून जातो. यातलं काहीही तुम्हाला आवडत नसेल, पण त्याने काम पुढे सरकत होतं. गावच्या घरात तुम्ही एकटे. त्यात शेजारीपाजारी म्हणणार, ‘घरीच आहेस ना, जरा बाजारात सोडतोस का?’ घरून केलेलं काम आपल्याकडे अजून काम धरत नाहीत. त्यात जुलै. बाहेर अकरा वाजताही दिवेलागणीसारखा अंधार, कौलांवर पाऊस, मधूनच लाइट जाणार. बंदरावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या शाकारून वर ओढलेल्या. आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, आटोपल्यावर सगळा किनाराच जरा पाय लांबवून बसलेला असतो. अशा वेळी तुम्ही एकटेच यंत्रांच्या नटबोल्टांचं मराठी करत बसायचं. सिनेमा लावावासा वाटणं अगदी साहजिक आहे.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर अडचण सिनेमाची नाही. कामात दोन गोष्टी एकत्र झाल्यात, पुढे काय येणार याची धास्ती आणि सोबत नसणं. सिनेमा या दोन्हींवर उतारा देतो, त्यात सगळं ठाऊक असतं आणि शेजारी आई असते. म्हणून मी सिनेमा काढून घ्यायच्या मागे लागत नाही. कामातली धास्ती कमी करायची आणि थोडी सोबत आणायची, हे करून बघते. कसं ते सांगते, पण हे सगळं माणसावर अवलंबून असतं, हेही लक्षात ठेवा.

पहिले तीन-चार दिवस काही बदलू नका. फक्त लॅपटॉपशेजारी एक वही ठेवा. सिनेमा लावावासा वाटला की लावा, पण त्याआधी एकच ओळ लिहा : आत्ता, या मिनिटाला, फाइलमधल्या कुठल्या जागेवर आहे आणि काय वाटतंय. ‘कंटाळा आला’ असं लिहू नका, ते सगळ्याला चालतं. ‘पान ६३, तक्ता आहे, कसा मांडायचा कळत नाही’ असं लिहा. ‘या दरात एवढं किचकट काम देतात याचा राग आला’ असं असेल तर तसं. ‘परत लाल शाई येईल’ असं असेल तर तेच. ही ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं, आणि चार दिवसांनी त्या ओळी एकत्र वाचल्या की बहुतेकांना आपलं आपल्यालाच दिसतं. कारण प्रत्येक ओळीवरचा उपाय वेगळा असतो. कळत नसेल तर विचारायचं असतं, राग असेल तर बोलायचं असतं, भीती असेल तर ती लवकर तपासून घ्यायची असते. आणि कधी कधी लिहिलेलं असतं ‘रात्री झोप झाली नाही’. तिथे कुठल्याच युक्तीचा उपयोग नसतो, झोपायचं असतं.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज भीतीकडे झुकतो. अंदाजच आहे, वही वेगळं सांगेल तर वहीचं ऐका. पण अंदाज खरा असेल तर एक गोष्ट चार दिवस न थांबता उद्याच करा. झालेल्या ६० पानांतली दहा पानं निवडा, त्यातल्या नेहमी लागणाऱ्या तीसेक तांत्रिक शब्दांची यादी काढा, आणि कंपनीच्या माणसाला पाठवा. सोबत दोन ओळी : ‘पुढचं काम याच पद्धतीने करतोय. यादीतले शब्द तुम्हाला चालतील का? गुरुवारपर्यंत कळवलंत तर बरं होईल.’ लोक हे टाळतात, कारण त्यांना वाटतं अर्धवट काम दाखवलं तर आपली किंमत कमी होईल. माझ्या पाहण्यात उलट होतं. काम देणाऱ्यालाही शेवटच्या दिवशी २०० पानांवर लाल शाई फिरवायची हौस नसते. आणि तुमच्यासाठी उरलेली १४० पानं अनोळखी राहत नाहीत. शब्द ठरलेले, पद्धत मान्य झालेली. सिनेमात जी निश्चिंती मिळते, त्यातली थोडी फाइलमध्ये येते.

दुसरं, कामाचा आकार मोजा. तुम्हीच लिहिलंय की लय लागली की एक पान २५ मिनिटांत होतं. रविवार सोडून तीन आठवड्यांत १८ दिवस मिळतात. १४० पानं म्हणजे दिवसाला आठ पानं, म्हणजे २०० मिनिटं. ‘मुघल-ए-आझम’ १९७ मिनिटांचा आहे. दिवसभराचं तुमचं काम एका ‘मुघल-ए-आझम’एवढं आहे, त्याहून तीन मिनिटं जास्त. मनात मात्र ते राक्षसाएवढं झालंय, कारण तुम्ही ते मोजलंच नाही. दिवसभर डोक्यावर घेऊन फिरताय. अर्थात प्रत्येक पान २५ मिनिटांत होणार नाही, तक्त्यांची पानं जास्त खातील. म्हणून आठ पानं सकाळीच संपवायची ईर्ष्या धरू नका. जेवणाआधी पाच, नंतर तीन, असं काहीतरी बसवा.

सुरुवात करणं हाच सगळ्यांत जड भाग असतो. त्यासाठी लोक २५ मिनिटांचा गजर लावतात, काहींना तो लागू पडतो. तुम्हाला जुन्या सिनेमाची आवड आहे म्हणून मी वेगळं माप सुचवते. ३५ मिलिमीटर फिल्मचं हजार फुटांचं रीळ सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने साधारण ११ मिनिटं चालतं. तंबूतल्या सिनेमात एकच यंत्र असेल तर रीळ संपलं की पडदा पांढरा व्हायचा, लोक शिट्ट्या मारायचे, ऑपरेटर दुसरं रीळ चढवायचा. तुम्ही एक रीळभर काम करा. अकरा मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत, फाइलमध्ये पुढचं वाक्य. रीळ संपल्यावर उठायची पूर्ण मुभा. खरोखर मुभा हं. ‘एक रीळ म्हणायचं आणि स्वतःला फसवून तासभर बसवायचं’ असं ठरवलंत तर मन दुसऱ्या दिवशी त्या युक्तीला फसत नाही. बहुतेकदा माणूस पुढचं रीळ आपणहून चढवतो. काहींच्या बाबतीत हे अजिबात चालत नाही, अकरा मिनिटांत त्यांची बैठकच मोडते. त्यांना सलग दोन तासच लागतात. तुम्ही यांपैकी कोणत्या प्रकारचे ते दोन दिवसांत कळेल.

सोबतीबद्दल. लावणीतली सावड टेबलाच्या कामालाही लावता येते. तुमच्यासारखा घरून काम करणारा कोणीतरी शोधा. दापोलीत कृषी विद्यापीठ आहे, प्रबंध लिहीत अडकलेले विद्यार्थी तिथे नक्की भेटतील. तो कुठेही असेना. सकाळी साडेनऊला एकमेकांना फोन लावायचा, मी आज अमुक करणार असं एका वाक्यात सांगायचं, फोन चालूच ठेवून बाजूला ठेवायचा आणि आपापलं काम करायचं. गप्पा नाहीत. साडेअकराला ‘झालं का?’ एवढंच. ऐकायला बालिश वाटतं, पण माझ्याकडच्या कितीतरी जणांना वेळापत्रकापेक्षा याने जास्त फरक पडला. ज्या बागायतदाराच्या कागदांचं वर म्हटलं, तशा एका गृहस्थांचे कागद शेवटी त्यांच्या पुतणीने शेजारी बसून भरून घेतले. तिने एक अक्षरही लिहिलं नाही, नुसती बसली होती. रेंज जात असेल तर सकाळी एक मेसेज आणि दुपारी एक मेसेज यावरही भागतं. आणि फाइल, शब्दकोश, लागतील ती पानं लॅपटॉपवर आधीच उतरवून ठेवा. नेट गेलं म्हणून थांबलेलं काम नेट आल्यावर सिनेमापासून सुरू होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता आई. हा भाग मी मुद्दाम वेगळा ठेवला. अकराचा सिनेमा तुम्हाला पळवाट असेल, पण तिच्यासाठी तो मुलाशेजारी बसण्याचा वेळ आहे. तुम्ही गावी आलात त्यात तिचंही कारण असणार. सिनेमे ‘बंद’ केलेत तर कामाच्या नावाखाली तिच्या वाटणीचा वेळ जाईल, आणि मग तुम्हाला अपराधी वाटायला आणखी एक जागा मिळेल. त्यापेक्षा सिनेमाला त्याची वेळ परत द्या. दूरदर्शनच्या काळात शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा लागायचा, रविवारी हिंदी. ती वेळ चुकली की चुकली, त्यामुळे घरातली कामं आपोआप त्याच्या आधी आटपायची. पापड आत, भांडी घासलेली, पोरांचा अभ्यास कसाबसा उरकलेला. आज तोच सिनेमा यूट्यूबवर कधीही मिळतो. त्याला स्वतःची वेळच उरलेली नाही, म्हणून तो तुमच्या कामाच्या वेळेत शिरतो. आईला सांगा, ‘शनिवारी सहाला बघू, तू निवड.’ लॅपटॉपची फाइल बंद करून, दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीवर लावा. मधल्या दिवशी तिला बसावंसं वाटलं तर रात्री जेवल्यावर मध्यंतरापर्यंत एक दिवस, उरलेला दुसऱ्या दिवशी. जुने सिनेमे मध्यंतर धरूनच बांधलेले असतात, तिथे थांबलं तर काही बिघडत नाही. सकाळी अकराला मात्र तिला काय उत्तर द्यायचं ते आधीच तिच्याशी बोलून ठेवा, नाहीतर ‘काम आहे’ म्हणून तुम्ही तिच्यावर खेकसाल.

कामाची खिडकी आणि सिनेमाची खिडकी शेजारी शेजारी उघडी ठेवून दोन्ही करायचा प्रयत्न मात्र अजिबात करू नका. त्यात अनुवाद चुकतो, दुरुस्त्या वाढतात, भीती वाढते, आणि ‘कुंकू’तल्या शांता आपटेंसारख्या नटीचं कामही नीट बघून होत नाही. साइट अडवणारी अ‍ॅप्स काहींना उपयोगी पडतात, विशेषतः हात आपोआप मोबाइलकडे जाणाऱ्यांना. तुम्हाला मी ती सुचवणार नाही. तुमचा हात आपोआप जात नाही, तुम्ही विचार करून, निवडून सिनेमा लावता.

रात्री स्वतःला शिव्या देण्याबद्दल. तुम्हाला वाटत असेल की निदान लाज वाटतेय म्हणून तरी उद्या काम होईल. कॅनडात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेच्या वेळी अभ्यास टाळल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी टाळाटाळ केली. मला यात नवल वाटत नाही. शिव्यांनी ती फाइल अधिकच नकोशी होते. सकाळी उघडताना कालच्या रात्रीची सगळी कटकट तिच्याबरोबर उघडते. चार वाजले असतील आणि सिनेमा संपला असेल तर दिवस वाया गेला असं ठरवू नका. चार ते सहा दोन तास आहेत, त्यात तीन-चार पानं होतात.

काही गोष्टींत माझा सल्ला पुरा पडणार नाही, त्याही सांगते. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, सिनेमा लावूनही त्यात रस वाटत नसेल, नुसता पडदा बघत असाल, तर ही टाळाटाळ नव्हे, तिथे डॉक्टरांना दाखवायला हवं. शाळेपासूनच प्रत्येक गोष्ट अर्धी राहत आली असेल, वस्तू हरवणं, वेळ विसरणं नेहमीचंच असेल, तरीही एकदा मनोविकारतज्ज्ञांना भेटा. मोठेपणी ध्यानात येणारी लक्ष न टिकण्याची अडचण औषधाने आणि मदतीने बरीच आटोक्यात येते. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नावाने बिचकू नका. बाहेर पडायचं नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. तुमच्या लिहिण्यात मला यातलं काही दिसलं नाही. ‘कुंकू’बद्दल तुम्ही इतकं रसाळ लिहिलंय की रस गेलाय असं कोणी म्हणणार नाही.

‘कुंकू’वरूनच एक शंका येते. त्या सिनेमातल्या मुलीला फसवून लग्नाला उभं केलं जातं, आणि ती नवऱ्याच्या घरात राहून तोंडावर नकार देते, शेवटपर्यंत. आपण बहुतेक माणसं तसं करत नाही. नको असलेल्या कामाला ‘हो हो, करतो’ म्हणतो आणि मग ते करतच नाही. काही टाळाटाळ म्हणजे न बोललेला नकार असतो. तुमच्या वहीत रागाच्या ओळी जास्त निघाल्या, दराबद्दल, कामाच्या प्रकाराबद्दल, तर भीतीवरचे सगळे उपाय बाजूला ठेवा. ही पुस्तिका शब्द दिलाय म्हणून पुरी करा, पण पुढची घेण्याआधी दर वाढवून मागा किंवा सरळ नाही म्हणा. गावात काम मिळत नाही म्हणून मिळेल ते धरून ठेवायची धास्ती मला कळते. तुमची शिल्लक किती आहे, घर आणखी कोणाच्या कमाईवर चालतं, हे मला माहीत नाही, त्यामुळे सोडा असं मी सांगणार नाही. पण दर विचारायला पैसे पडत नाहीत.

पहिल्या आठवड्यात आठ पानं धरून ४८ पानं व्हायला हवीत. चाळीसच्या पुढे गेलात तर तसंच चालू ठेवा, पद्धत बदलू नका. तीस ते चाळीसमध्ये असाल तर दुपारच्या कामात एक रीळ वाढवा आणि तक्त्यांची पानं सकाळी घ्या. तीसच्या खाली राहिलात तर शेवटच्या दिवसाची वाट न बघता त्याच शनिवारी सकाळी कंपनीला कळवा की पाच दिवस जास्त लागतील, आणि सोबत झालेली सगळी पानं पाठवा. दोन आठवडे आधी मागितलेले पाच दिवस सहसा मिळतात. तो मेल गेला की सहाला आईने निवडलेला सिनेमा ठरल्याप्रमाणे लावा, पानं कमी झाली म्हणून तो रद्द करू नका.